गंमतीतल्या बुवाची दाढी

मी एक जुनी दाढी आहे. हसू नका. म्हणजे हसा, मी हसवण्यासाठीच जन्मले. पण आधी माझं ऐकून घ्या, मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

मित्रांनो, मी कुणाच्या हनुवटीवर उगवले नाही. माझा जन्म अंबाडीच्या सालीपासून झाला. अंबाडीची आंबट भाजी तुम्ही खाल्ली असेल. तिच्या खोडाची साल पाण्यात कुजवली की लांब, पांढुरके धागे निघतात. एरवी त्यांचे दोर वळतात आणि बैल बांधतात. माझ्या नशिबी दोर होणं नव्हतं. तुळसाबाईंनी ते धागे रिठ्याच्या पाण्यात धुतले, फणीने विंचरले आणि नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याच्या तुकड्यावर झुपका झुपका टाचत मला घडवलं. कानात अडकवायला दोन दोऱ्या लावल्या. टाचता टाचता त्या म्हणायच्या, "घरी देवाजवळ दिवा लावाचा कंटाळा, अन् मंडईत बुवा होते माझा माणूस!"

तो माणूस म्हणजे चंपतराव. दिवसभर शहराला लागलेल्या वाडी गावातल्या एका गोदामात ट्रकवरचे खोके उतरवायचे, आणि दिवाळी झाली की खडी गंमत करायचे. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली नसेल म्हणून सांगते. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, फुगे, लाडू, जिलब्यांची दुकानं लागतात, आणि दुपारच्या उन्हात माणसं गोल करून उभी राहतात. त्या गोलात ढोलकी, झांज, तुणतुणं आणि उभ्याउभ्या गाणारे, नाचणारे, नकला करणारे लोक. ना पडदा, ना रंगमंच. पहिल्यांदा गण, देवाला हात जोडून. मग हसणं.

चंपतराव गणाला हात जोडायचे ते अगदी मनापासून. मग पाठ फिरवायचे, मला कानांत अडकवायचे आणि वळले की बुवा! पोटावर उशी, गळ्यात सुपाऱ्यांची माळ. शेजारी ढोलकीवर रविंद्र. तो त्यांचा जुना जोडीदार, वाडीतल्या त्याच चाळीत राहणारा. मग गाणं सुरू व्हायचं,

"फुंक मारली, सर्दी पळाली; राख लावली, खोकला;
भक्त झाला काडीवानी, बुवा झाला भोपळा!"

आणि असा हशा उठायचा मित्रांनो, की त्याच्या वाऱ्याने माझे धागे हलायचे. म्हातारे लोक मला हात लावून पाहायचे. "खरी का गा?" विचारायचे. त्या दिवसांत मला वाटायचं की हसणं म्हणजे एकच गोष्ट असते.

पण वर्षं गेली तसं एक माझ्या लक्षात आलं. चंपतराव माळ बदलून मला कधी साधू करायचे, कधी शाल पांघरून फकीर करायचे. शेजाऱ्याच्या घरच्या देवमाणसाची फजिती झाली की लोक पोट धरून हसायचे. आपल्या घरच्याची झाली की घसा खाकरायचे. रविंद्र बौद्ध होता. तो म्हणायचा, "चंपत, माझ्या लोकायची बी कर गा. आमच्यात का कमी नमुने आहेत? माइक हाती आला की सोडतच नाही." मग चंपतराव मला काढून ठेवायचे आणि भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याची नक्कल करायचे. तिथं रविंद्र सगळ्यांत जोरात हसायचा. असे लोक थोडे असतात.

तुळसाबाई गेल्या. त्यांचा मुलगा ट्रक चालवतो, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात राहिले चंपतराव, सून माया आणि मायाची छोटी रितिका. माया शिकलेली, कामठीची. सतत कान टवकारलेले. दारावर टकटक झाली की आधी रितिकाला जवळ ओढणार, मग कडी काढणार. मला ती दर उन्हाळ्यात गच्चीवर ऊन दाखवायची, कारण अंबाडीच्या धाग्याला कसर लागते. पण ऊन दाखवताना सासऱ्यांना म्हणायची, "मामाजी, हे आताचे दिवस पहिल्यासारखे नाही. कोण कुठं फोन धरून उभा राहील, सांगता येते का?"

"मी देवाले कधी हसलो वं?" चंपतराव म्हणायचे. "देवाच्या नावानं जो दुकान लावून बसते, त्याले हसतो."

"दुकानात गिऱ्हाईक बी असते, मामाजी."

ते तेव्हा चंपतरावांना कळलं नाही. मलाही नाही.

गंमतवाल्यांची एक रीत असते. गावात शिरलं की आधी चहाच्या टपरीवर बसायचं आणि गावची खबर काढायची. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या लग्नात भांडण झालं. मग ते ताज्या ताज्या गाण्यात गुंफायचं. आपल्या गावची गोष्ट गाण्यात आली की लोक खूश. मौद्याकडच्या एका गावी मंडईला गेलो, तेव्हा टपरीवरच्या पिंटूने खबर दिली.

"आमच्या मठातले महाराज लई पावरफुल आहे बाप्पा. एक बाई त तापलेल्या लेकराले घेऊन थेट मठात जाऊन बसली. म्हणे, डॉक्टर सुई टोचते, महाराज फुंक मारते. फुकटात काम!"

टपरीवरचे लोक हसले. चंपतरावही हसले. तेवढ्यात ढोलकी वाजायला लागली, ते चहा अर्धा टाकून उठले. पुढं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही आणि पिंटूने सांगितलं नाही. अर्धी खबर घेऊन ते गोलात उतरले.

"ताप चढला लेकराले, माय धावे मठात;
डॉक्टर बसला दवाखान्यात, राख हिच्या मुठीत!"

शिवाय शालीचा पदर डोक्यावर घेऊन त्यांनी त्या बाईच्या धावण्याची नक्कल केली. मी त्यांच्या हनुवटीवर होते, मित्रांनो, मला गोल सगळा दिसत होता. बाहेरगावचे लोक खदखदून हसले. गावचे लोक मात्र हसता हसता थांबले आणि त्यांच्या माना एकाच कोपऱ्याकडे वळल्या. तिथे एक बाई पोतं अंथरून बसली होती. तिने पोतं गोळा केलं, झटकलं, घडी घातली आणि निघून गेली. चंपतराव डोळे मिटून गात होते. त्यांना फक्त हशा ऐकू आला.

पुढच्या आठवड्यात ते गाणं फोनाफोनांत फिरायला लागलं. कुणीतरी चित्रण केलं होतं. त्यात भोपळ्याचं कडवं होतं, पोटावरची उशी होती, आणि मी होते. खाली लिहिलं होतं, धर्माचा अपमान.

एका दुपारी जीप भरून पोरं वाडीला आली. पुढे होता रोशन. त्या मठाच्या गावचाच, चांगला शिकलेला. आरडाओरडा त्याने केला नाही.

"काका, हसवाले दुसरा विषय नाही का तुमच्याजवळ? दारूवर करा, बायकोवर करा."

"बायकोले हसलेलं चालते, बुवाले नाही?" चंपतराव म्हणाले. रविंद्र दारातून फसकन हसला.

रोशन हसला नाही. "माझी माय रोज महाराजाच्या फोटोले फूल वाह्यते. माझे वडील गेले तवापासून तेवढाच आधार आहे तिले. तुमचं गाणं पाहून मले विचारे, मी येडी आहे का रे बेटा? काय सांगू मी तिले? सांगा न."

 

घरमालक भैय्याजी धावत आले. "चंपतराव, लफडा नको पाह्यजे मले. माफी मांगून टाका न भाऊ, तोंडाले काय लागते?" खोलीच्या आत माया रितिकाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. तिने चंपतरावांकडे नुसतं पाहिलं. चंपतरावांनी फोनसमोर माफी मागितली. पुन्हा दाढी लावणार नाही, असा शब्द दिला. पोरं म्हणाली, ती दाढी आणा, जाळून टाकू. तेव्हा माया पहिल्यांदा बोलली.

"ते माझ्या सासूच्या हातची आहे. मेलेल्या माणसाची निशाणी जाळता का?"

पोरं गेली. मायाने मला आपल्या लग्नाच्या साड्यांच्या पेटीत ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे घेतली.

त्या अंधारात मी बरंच ऐकलं. एके दिवशी रविंद्र म्हणाला, "धर्माचं सोड गा. खरा अपमान झाला तो तुले दिसला बी नाही. ते बाई उठून गेली न, भागीरथा नाव तिचं. लेकरू वाचलं नव्हतं तिचं. तीन दिवस मठातच होती."

 दुसऱ्या दिवशी चंपतराव त्या गावी जाऊन आले. परत आल्यावर मायाला जे सांगत होते, ते जसंच्या तसं तुम्हाला सांगते.

"पाणी देल्लं तिनं. बस म्हणे भाऊ. मी पाय धरतो म्हटलं त मागं सरकली. म्हणे, महाराजाले हसा, मी बी हसीन कधीतरी. पण मी येडी नव्हती भाऊ, भेली होती, जीव घाबरला होता. नवरा घरी नाही, हातात लेकरू तापून राहिलं, अन् सगळे म्हणे मठात ने. भेलेल्या माणसाले हसाचं नसते. पुढच्या मंडईले या म्हणे, अन् नीट करा. मी समोर बसते."

 मला मायाच्या बांगड्यांचा आवाज आला. झोपलेल्या रितिकाच्या कपाळाला तिने हात लावून पाहिला असेल. ती दिवसातून कितीतरी वेळा असं करते.

पुढची मंडई आली. गंमतीला बोलावणं आलं नाही. त्या गावाने ऑर्केस्ट्रा ठरवला होता. तरी चंपतराव निघाले, कारण बसते म्हणाली होती ती बाई. मायाला म्हणाले, "मी घालत नाही वं. फक्त सोबत राहू दे दाढी. तुळसा संग असल्यावानी वाटते."

"राहू द्या. पण माझ्या थैलीत राहील. अन् मी बी येते रितिकाले घेऊन," माया म्हणाली. तिचा सासऱ्यांवर भरवसा नव्हता.

टपरीवर चंपतरावांनी पिंटूला खबर विचारली. यावेळी चहा पूर्ण प्यायले. "पूर्ण सांग बाप्पा. अर्धी नको देऊ." पिंटू इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "महाराज पावसाळ्यात तापले होते काका. शहरात रामदासपेठेत मोठ्या दवाखान्यात होते. एसीची खोली. गावात बोलाची चोरी."

मंडईत मोठा मंच होता. मंचावर सोफा आणि सोफ्यावर तेच महाराज, प्रमुख पाहुणे. त्यांची दाढी माझ्याहून मऊ, खरी. खाली अंगाऱ्यासाठी रांग लागली होती. समोर भागीरथाबाई पोतं अंथरून बसलेल्या. शब्द पाळणारी बाई. चंपतराव आणि रविंद्र त्यांच्या मागे उकिडवे बसले.

रांगेत एक तरुण आई होती. कामिनी नाव तिचं. मागून कुणीतरी हाक मारली म्हणून कळलं. तिच्या खांद्यावरचं लेकरू रडत नव्हतं. मान लुळी पडली होती आणि ओठ कोरडे. थैलीच्या फटीतून मला ते दिसलं, आणि मायालाही दिसलं, कारण तिच्या हाताची पकड थैलीवर एकदम घट्ट झाली.

भागीरथाबाई उठून कामिनीजवळ गेल्या. लेकराच्या कपाळाला हात लावला. "पोरी, दवाखान्यात ने वं याले. आत्ताच्या आत्ता ने."

कामिनीने तो हात झटकला. "तुमचं त गेलं न? माझ्या लेकराले हात नका लावू."

आजूबाजूच्या बायकांनी ऐकलं.  भागीरथाबाईंचा हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला.

रांग एका माणसाने पुढे सरकली.

आणि मित्रांनो, थैलीचं तोंड उघडलं. मायाने मला बाहेर काढलं. 

"मामाजी, घाला."

"माया? अवं, शब्द देल्ला मी. तूच त..."

"मी सांगून राहिली न, घाला. हे पोरगी भागीरथाबाईचं ऐकत नाही, माझं बी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील लोक." मग रितिकाला कडेवर घेत म्हणाली, "फक्त त्या मायले हसू नका."

चंपतरावांनी गणासाठी जोडतात तसे हात जोडले, पाठ फिरवली आणि मला कानांत अडकवलं. ढोलकी नव्हती. रविंद्रने लाडूवाल्याचा रिकामा डबा उपडा घातला आणि ठेका धरला.

"दुनियेले देते राख चिमूटभर, सोता तापून झाला लाल;
गाडी काढा, गाडी काढा, रामदासपेठेले चाल!"

आणि ते असे कण्हले, असे विव्हळले, "एसी वाढव रे! सुई हळू टोच रे बाप्पा!" की अख्खी मंडई मंचावरच्या महाराजांकडे वळली. गावाला ते ठाऊक होतं. फक्त कुणी बोललं नव्हतं.

पहिल्यांदा हसल्या त्या भागीरथाबाई. एकट्या. तो हशा मी आजवर ऐकलेल्या कुठल्याच हशासारखा नव्हता. गंजलेल्या कडीसारखा, अडकत अडकत निघालेला. मग पदराआडून दुसरी बाई, मग टपरीवरचे लोक. कामिनीने वळून भागीरथाबाईंकडे पाहिलं. नंतर मंचाकडे, सोफ्याकडे पाहिलं. ती हसली नाही. पण तिने लेकराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

माया तिच्यापाशी पोचली होती. "चल बाई. ऑटो उभा आहे. मी येते संग."

कामिनी रांगेतून निघाली. एवढंच मी पाहिलं. कारण त्याच वेळी रोशनने मला ओढलं.

"काका, शब्द देल्ला होता तुम्ही!"

ते खरंच होतं. दिला होता. माझी एक दोरी तुटली, कापड उभं फाटलं आणि मी मातीत पडले. पडल्या पडल्या मला पुढच्या रांगेतली एक म्हातारी दिसली. तिच्या हातात फुलांची परडी होती आणि ती तोंड झाकून रडत होती. रोशन मला सोडून तिच्याकडे धावला. "माय, उठ. घरी चाल." मित्रांनो, त्या दिवशी एका बाईला हसू फुटलं आणि दुसरीला रडू आलं, ते एकाच गाण्यावर. गंमत चांगली की वाईट, असं कुणी मला विचारतं तेव्हा मला त्या दोघी एकदम आठवतात.

भागीरथाबाईंनी मला उचललं, माती झटकली आणि चंपतरावांच्या हातात दिलं.

कामिनीचं लेकरू वाचलं. गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण फोनमधून जे फिरलं त्यात लेकरू नव्हतं, ऑटो नव्हता, त्या दोघीही नव्हत्या. मीच होते. भैय्याजी म्हणाले, "चंपतराव, तुमच्याशी दुश्मनी नाही, पण खोली खाली करा." रविंद्र वाडीतच राहिला. आम्ही कामठीला आलो, मायाच्या माहेराजवळ. इथे दिवसभर यंत्रमागांची खडखड असते. चंपतरावांना आता कुठलंही गाव बोलावत नाही. ते खडखडीच्या ठेक्यावर कधी बोटं वाजवतात आणि कुणी पाहिलं की थांबतात. गोदाम लांब पडतं. बोलणं कमी झालं आहे.

मायाने मला शिवलं. पण तुळसाबाईंसारखं नाही जमलं. शिवण दिसते.

परवा रितिकाला मी उघड्या राहिलेल्या पेटीत सापडले. तिने मला कानांत अडकवलं. मी तिच्या पोटापर्यंत आले. ती पोट पुढे काढून चालली आणि जाड आवाजात म्हणाली, "एसी वाढव रे!" कुणी शिकवलं नव्हतं. चंपतराव खुदकन हसले. किती दिवसांनी! मायासुद्धा हसली. आणि दुसऱ्याच क्षणी तिने झडप घालून मला काढलं, खिडकी लावली आणि फटीतून खाली रस्त्यावर पाहिलं.

"आई, खिडकी काहून लावली?" रितिकाने विचारलं.

मायाने खिडकीची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. तिला हसू नका मित्रांनो. ती येडी नाही, भेली आहे.

या उन्हाळ्यात मला कुणी गच्चीवर नेलं नाही. माझ्या धाग्यांत कसर शिरली आहे. आतून बारीक कुरतडल्याचा आवाज मला ऐकू येतो. मी फार काही मागत नाही. तुमच्या घरात कुणा आजोबाची अशी दाढी, एखादा मुखवटा, एखादी टोपी पडली असेल, तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा. कधी ती घालून कुणाला हसवावंसं वाटलं, तर आधी खबर पूर्ण ऐकून घ्या. आणि जमलं तर त्या वेळी तुमची खिडकी उघडी ठेवा. आमची बंद आहे.